शेजारचे काका

"दोघांनाच सोडता येत नाही," खिडकीतला माणूस म्हणाला. "रविवारची गर्दी आहे. कुणी एकटा आला की तुम्हाला जोडून देतो. तोवर बसा."

ती बसली नाही. नगरपालिकेच्या गोल्फ मैदानाच्या तिकीटखिडकीपाशी तोंड जरासं भिंतीकडे करून उभी राहिली. ओळखीचं कुणी दिसलंच, तर चटकन पाठ फिरवता यावी म्हणून. तिचे बाबा मात्र बाकावर ऐसपैस बसले होते. भाड्यानं घेतलेल्या काठ्यांची पिशवी मांडीवर, अंगात नारिंगी चौकड्यांचा शर्ट, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला 'गुड मॉर्निंग!' तेही असं दणदणीत, की गाड्या लावणाऱ्यांनीही वळून बघावं.

पहाटे पाऊस होऊन गेला होता. गवताच्या पात्यापात्यावर थेंब होते, आणि ओल्या मातीचा वास सगळीकडे भरून राहिला होता. एरवी तिला ते सगळं आवडलं असतं. आज तिचं लक्ष फक्त बाबांच्या आवाजाकडे होतं.

आणि मग तो आला. खांद्यावर पिशवी, पिशवीत कशाबशा तीन काठ्या, पायात चिखलानं माखलेले कॅनव्हासचे बूट, आणि केस असे, जणू वाऱ्याशी आत्ताच कडाक्याचं भांडण करून आलाय.

"एकटेच?" खिडकीतून विचारणा झाली.

"सध्या तरी," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघून हसला.

बस, एवढंच. पण तिनं बाहीचं लावलेलं बटण काढून पुन्हा लावलं.

आता ही मंडळी तिथं आली कशी, ते सांगायला हवं. तिचे बाबा जन्मभर शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. त्यांचा मार्ग मोठ्या गोल्फ क्लबच्या भिंतीला लागून जायचा. रस्त्यानं चालणाऱ्याला ती भिंत म्हणजे नुसती भिंत. पण बसच्या ड्रायव्हरची जागा उंच, त्याला पलीकडचं दिसतं. हिरवंगार गवत, पांढरे बूट, आणि हवेत उडून दिसेनासा होणारा चेंडू. निवृत्त झाल्यावर माणसं प्रवासाला जातात, बाग करतात. बाबा म्हणाले, "मला एकदा तो बॉल मारून बघायचाय."

लेकीनं आधी क्लबला फोन केले. मग एका रविवारी दोघं त्या क्लबच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. रखवालदारानं विचारलं, "मेंबर आहात?" नाही. "मेंबरांचे पाहुणे?" नाही. "मग कोण आहात?" या प्रश्नावर तिची कानशिलं तापली. बाबा मात्र खो-खो हसले. गोल्फच्या काठीलाही क्लबच म्हणतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "म्हणजे क्लब दोन लागतात तर! एक हातात धरायला आणि एक नावापुढे लावायला!" रखवालदारही हसला. तिला मात्र हसू आलं नाही.

ती घरं सजवणाऱ्या एका कंपनीत होती. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी पडदे निवडायचं काम. तिथं सगळे हळू बोलत. कुजबुजल्यासारखं, कापडावर हात फिरवल्यासारखं. आणि घरी बाबा... इंजिनाच्या वरताण बोलायची सवय लागलेली, ती इंजिन बंद झालं तरी सुटली नव्हती. ऑफिसात तिनं बाबांचा विषय कधी निघूच दिला नव्हता. त्यांची लाज वाटे, आणि लाज वाटते याचीही लाज वाटे.

पण बाबांचा हट्ट होता, आणि तिचा त्यांच्यावर जीवही होता. म्हणून ती शोधत राहिली. शोधता शोधता कळलं, की क्लबशिवायही गोल्फ असतो. नगरपालिकेची मैदानं असतात, अठराऐवजी नऊच होलांची, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्यांची. तिथं तिकीट काढलं की झालं. काठ्या भाड्यानं मिळतात, कपड्यांचा नियम नसतो, आणि नवशिक्यांना कुणी हुसकावत नाही. अशी दोन-तीन मैदानं सापडली. तिनं त्यातलं सगळ्यात लांबचं निवडलं. का, ते सांगायला नकोच.

पहिल्या होलपाशी बाबांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. काठी उगारली, जोरात फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मातीचं एक मोठं ढेकूळ उडालं आणि चेंडू त्याच्या मागोमाग दोन हात घरंगळला.

"सुटली! सुटली गाडी!" बाबा ओरडले. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी शिट्टी मारली. मागं थांबलेल्या चौघांकडे वळून म्हणाले, "चला, पुढं सरका, मागं जागा नाही!"

ते चौघं हसले. त्यात एक बाई होती, मोतिया रंगाचा नीटस शर्ट घातलेली. ती तोंडावर हात ठेवून हसली, आणि शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली.

लेकीला वाटलं, आत्ताच्या आत्ता या ओल्या मातीत गडप व्हावं.

जोडीला आलेल्या त्या तरुणाचा चेंडू तर सरळ झुडपात गेला. तो खांदे उडवत तिच्याजवळ आला. बाबा तेव्हा थोडे पुढे, पाठमोरे, गुडघ्यावर हात ठेवून आपल्या चेंडूकडे वाकून बघत होते.

"तुमचे बाबा?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही—" ती म्हणाली. विचार करायच्या आत म्हणाली. "नाही, शेजारचे काका आहेत. एकटेच असतात... म्हणून म्हटलं, आणावं."

शब्द तोंडून निघून गेले. वारा बाबांच्याच दिशेनं वाहत होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

बाकीचे होल कसे झाले, तिला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की तो हवामान खात्यात कामाला आहे असं म्हणाला, आणि तिला हसू फुटलं.

"म्हणजे तुम्हीच ते. सांगता एक आणि होतं भलतंच."

"आम्ही बरोबरच सांगतो. आकाश ऐकत नाही."

"आज काय सांगितलंय?"

"दिवसभर लख्ख ऊन."

त्याच क्षणी तिच्या नाकावर एक थेंब पडला. दोघांनी वर पाहिलं, मग एकमेकांकडे... आणि इतके हसले, की तिचा फटका चुकून चेंडू मागंच गेला.

खेळ झाल्यावर तिघं चहाच्या टपरीवर उभे राहिले. तो बाबांना म्हणाला, "काका, तुमचं नशीब चांगलं हो. अशी शेजारीण कुणाला मिळते?"

बाबांनी कप ओठाला लावलेला होता. तो तसाच क्षणभर थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. घोट घेतला, कप खाली ठेवला.

"खरंय," ते म्हणाले. "चांगला शेजार मिळायला नशीबच लागतं."

बाबांनी ऐकलं होतं. ऐकलं होतं, आणि सांभाळून घेतलं होतं.

परतीच्या बसमध्ये तोही होता. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. बाबांनी तिकडे पाहिलं, आणि मागं जाऊन दुसऱ्याच बाकावर बसले. मग ती जागा त्याला मिळाली. तो चार थांब्यांनंतर उतरला. तो उतरला तरी बाबा पुढं आले नाहीत. घरी पोचल्यावर जिन्यात त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "मुलगा बरा वाटतो."

"बाबा, मी—"

"बूट बाहेर काढ. चिखल आहे. आई ओरडेल."

ती वाकून बूट काढायला लागली. आणि खरं सांगायचं तर, न बोलता सुटले, म्हणून तिला हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

नंबर त्यानं बसमध्येच घेतला होता. काही दिवसांनी त्याचा फोन आला. गोल्फबद्दलच, अर्थातच.

"एक जागा सापडलीय. पाणी शुद्ध करतात ना, त्या टाक्यांच्या मागं. सगळे होल आखूड आहेत. एका काठीत काम होतं, लांब मारता आलं नाही तरी अब्रू जात नाही. आणि ऊन उतरल्यावर गेलं, तर तिकीट निम्म्यावर."

"तुम्ही हवामान बघता की मैदानं शोधता?"

"हवामानात काही शोधायला लागत नाही. ते येतं आपलं आपण." मग जरा थांबून, "मैदानं शोधली, की फोन करायला निमित्त मिळतं."

हातातला पडद्याच्या कापडाचा नमुना तिनं इतका चुरगाळला, की समोरच्या बाई बघायला लागल्या.

"काकांनाही आणा हं," तो म्हणाला. "त्यांच्याशिवाय मजा नाही."

हे ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्या आखूड मैदानावर बाबांनी शेजाऱ्याचं काम अगदी चोख केलं. फाटकापाशी तिच्या मागून पाच मिनिटांनी आले, वेगळे आल्यासारखे. "काय गं, बरी आहेस ना? घरी सगळे बरे?" असं त्याच्यासमोर विचारलं. टोमणा मारायचा म्हणून नव्हे. ती त्यांच्या डोळ्यांत तो शोधत राहिली. सापडला असता, तर तिला बरं वाटलं असतं. बाबा खरंच मनापासून शेजारी झाले होते. आवाजही त्यांनी खाली आणला होता. फटका चांगला बसला तेव्हा दोन बोटं तोंडापर्यंत गेली... आणि शिट्टी न मारताच परत आली. ते तिनं पाहिलं.

मधेच आभाळ भरून आलं. "पाऊस नाही येणार," तो ठामपणे म्हणाला, आणि सरी कोसळल्या. तो आणि ती धावत एका मोठ्या झाडाखाली गेले. बाबा त्यांच्यामागून येता येता थांबले. वळले. आणि लांबच्या एका झाडाखाली जाऊन, पाठ करून उभे राहिले. ते झाड एवढंसं होतं, त्यांचा अर्धा खांदा भिजत होता.

"काका तिकडे का गेले?" तो म्हणाला. "हाक मारू?"

"नको," ती पटकन म्हणाली. "त्यांना... त्यांना आवडतं एकटं."

आणखी एक खोटं. पानांतून थेंब टपकत होते. तिच्या कपाळावर ओली बट चिकटली होती. ती बाजूला करायला त्यानं हात उचलला, आणि मधेच थांबवला.

"करू का?"

"काय?"

"ती बट... तुमच्या डोळ्यात जातेय."

"हं," ती म्हणाली. एवढ्या हळू, की पावसात ऐकू गेलं नसतं. पण त्याला गेलं.

"आता 'तुम्ही' म्हणणं जरा अवघड जाईल," बट कानामागं सरकवून तो म्हणाला.

"मग नका म्हणू."

"'नका' नाही. 'नको'."

"नको म्हणूस," ती म्हणाली, आणि दोघंही उगीचच पावसाकडे बघायला लागले.

सुख म्हणतात ते हेच असावं, असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावरून तिला तो लांबचा भिजलेला नारिंगी शर्ट दिसत होता.

"घरी कोण कोण असतं तुझ्या?" त्यानं विचारलं.

"आई, बाबा."

"बाबा काय करतात?"

"वाहतूक खात्यात होते." खोटं नव्हतंही, आणि होतंही. तिनं जीभ चावली.

पाऊस ओसरल्यावर तिघं पत्र्याच्या शेडमध्ये कॉफी पीत बसले. तो बाबांचं ओलं डोकं स्वतःच्या टॉवेलनं पुसू लागला, बाबा नको नको म्हणत राहिले.

"काका, तुम्हाला मुलंबाळं?"

ती कपातल्या कॉफीकडे बघत राहिली. पत्र्यावरून पाणी निथळत होतं.

"एक मुलगी आहे," बाबा म्हणाले.

"इथंच?"

"नाही. लांब असते."

"येते का भेटायला?"

"येते की. अधूनमधून." बाबा हसले. "तिचं काम असतं ना. मोठं काम आहे तिचं."

ती उठली. हात धुवायचं निमित्त करून नळापाशी गेली आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिली. परत आली तेव्हा दोघं डोकी जवळ घेऊन काहीतरी बोलत होते. तिला बघताच गप्प झाले.

त्या दिवशी घराजवळच्या वळणावर बाबा थांबले. पहिल्यांदाच ते त्या विषयावर बोलले.

"आईला यातलं काही सांगू नकोस हं," ते म्हणाले. "तिला वाईट वाटेल."

स्वतःबद्दल एक अक्षर नाही. ती 'हो' म्हणाली. जिना चढताना आपले पाय कुणा परक्याचे असावेत, तसं तिला वाटत होतं.

तिसरं मैदान एका कॉलेजचं होतं. मुलं वर्गात असतात त्या दुपारी बाहेरच्यांनाही खेळू देत. तिनं ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी कपडे बदलायला आली, तर बाबा खाटेवर पाय पसरून बसलेले.

"माझा गुडघा धरलाय. तुम्ही दोघं जा."

"कधीपासून? सकाळी तर—"

"दुपारपासून. जा गं, उशीर होईल."

ती गेली. एकटी चालताना तिला हलकं वाटलं, आणि मग त्या हलकेपणाची नेहमीसारखी चीड आली.

मैदान जवळजवळ रिकामं होतं. ऊन पिवळं, मऊ. तळ्याकाठच्या होलपाशी आल्यावर त्यानं काठी गवतावर ठेवून दिली.

"आज मी हवामान सांगणार नाही," तो म्हणाला. "आज दुसरं सांगायचंय. मला... म्हणजे मी गेले काही दिवस... थांब, हे मी आरशासमोर नीट म्हटलं होतं."

"मग आरसा आणायचास."

"चेष्टा नको. मला तू आवडतेस. नुसती आवडतेस असं नाही. मला रोज संध्याकाळी तुला सांगायचं असतं, की आज माझा अंदाज कसा चुकला. जन्मभर सांगायचंय. चालेल का?"

तळ्यावर वाऱ्यानं बारीक सुरकुत्या पडल्या. या क्षणाची तिनं किती वाट पाहिली होती! आणि आता तो क्षण समोर उभा होता, तर तिला दिसत होता तो पाठमोरा भिजलेला माणूस. तिचे डोळे भरून आले.

"असं रडण्यासारखं वाईट विचारलं का मी?" तो घाबरून म्हणाला.

"मी एक सांगू? आणि मग तू परत विचार. विचारावंसं वाटलं, तर."

"सांग."

"काका... माझे बाबा आहेत."

त्याचा जीव भांड्यात पडला. "हो, मग! वडिलांसारखेच आहेत ते. मलाही तसेच वाटतात."

"सारखे नाही. आहेत. माझे बाबा. सख्खे. पहिल्या दिवशी तू विचारलंस, आणि ते चौघं हसत होते, आणि मला... मला लाज वाटली त्यांची. मी म्हटलं शेजारचे. त्यांनी ते ऐकलं. तेव्हापासून ते शेजारी झालेत. मी खोटी पडू नये म्हणून. ती लांब राहणारी मुलगी... ती मीच."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. ती वाट बघत होती, तो रागावेल, काठ्या उचलून चालू लागेल. तसं झालं असतं, तर तिनं त्याला अडवलं नसतं.

पण तो खाली गवतावरच बसला. दोन्ही हातांनी डोकं धरून.

"मीच त्यांना सांगितलं," तो म्हणाला.

"काय?"

"येऊ नका म्हणून. त्या दिवशी शेडमध्ये. म्हटलं, काका, पुढच्या वेळी गुडघा-बिडघा दुखतोय असं काहीतरी सांगा आणि आम्हाला दोघांनाच पाठवा, मला तिला विचारायचंय. तुझ्या बाबांना! मी तुझ्या बाबांनाच म्हटलं, की तुमची अडचण होते!"

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, दुखेल, काळजी करू नकोस." त्यानं डोकं हलवलं. "एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तिच्या वडिलांना ओळखता ना? माझ्यासाठी एक शब्द टाका. ते म्हणाले, टाकतो. माणूस जरा मोठ्यानं बोलतो, पण ऐकून घेतो."

ती रडता रडता हसली, आणि हसता हसता जास्तच रडली. तो उठून जवळ आला, पण हात धरायचं त्याला धाडस होईना.

"मी आत्ता घरी चाललेय," ती म्हणाली.

"मी येऊ?"

"तुला माझ्यावर राग नाही आला?"

"आलाय," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण तो मागाहून बघू. आधी चल."

काठ्या तशाच खांद्यावर टाकून दोघं निघाले.

दार बाबांनीच उघडलं. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात रिकामी वाटी. चहाची तयारी चालली असावी. लेकीमागं त्याला उभं बघितलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. पण क्षणभरच. पुढच्या क्षणी त्यांनी वाटी पुढं केली.

"अरे, या या! मी आपला जरा... साखर मागायला आलो होतो यांच्याकडे."

आतून शिवणयंत्राची घरघर चालू होती. ती थांबली.

"कोण साखर मागतंय?" आईचा आवाज आला. "स्वतःच्या घरात? डबा समोरच्या फळीवर आहे, डोळे आहेत ना?"

बाबांनी कसनुसं तोंड केलं, आणि लेकीकडे बघून बारीकशी मान हलवली. म्हणजे, थांब, काहीतरी सुचतंय, मी करतो नीट. बनियनमध्ये, दारात, रिकामी वाटी घेऊन, अजूनही ते तिला वाचवायला बघत होते.

"बाबा," ती म्हणाली. "पुरे झालं. मी सांगितलंय त्याला." आणि त्याच्याकडे वळून, "हे माझे बाबा. शहराच्या बसवर ड्रायव्हर होते."

बाबांनी वाटी हळूच खाली केली.

"काका... मी... तुमची माफी मागायला आलोय," तो अडखळत म्हणाला. "ते गुडघ्याचं... मला ठाऊक नव्हतं..."

"तुझं काय चुकलं त्यात?" बाबा म्हणाले. "तू शेजाऱ्याला सांगितलंस. शेजाऱ्यानं केलं."

आई गळ्यात टेप अडकवून दारापाशी येऊन उभी होती. सगळं तिला तिथंच, तुकड्यातुकड्यांनी कळलं. ऐकून झाल्यावर ती लेकीला एक शब्दही बोलली नाही. त्याला मात्र म्हणाली, "बस, चहा घेऊन जा." आणि आत जाऊन यंत्र असं चालवायला लागली, की जमीन हादरावी. पुढचे कित्येक दिवस ती लेकीशी कामापुरतंच बोलली. त्या दिवशीचा चहा अवघडलेला झाला. कुणी कुणाकडे नीट बघत नव्हतं.

त्याला पोचवायला ती जिन्यात आली. खालच्या वळणावर, खिडकीतून तिरपं ऊन येत होतं तिथं, तो थांबला.

"मी परत विचारायचं होतं ना?"

"विचारावंसं वाटलं तर, म्हटलं होतं."

"वाटतंय. रागासकट वाटतंय." त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "एक मात्र कबूल कर. कधी माझी लाज वाटली, तर मला सांगायचं. इतरांना नाही."

तिनं मान हलवली.

"मग... चालेल का?"

"हो," ती म्हणाली. "चालेल."

त्यानं तिचा हात हातात घेतला. जराच वेळ, पण घट्ट. मग जिना उतरून गेला. फाटकापाशी त्यानं मागं वळून पाहिलं, ती खिडकीतच होती.

ती वर आली तेव्हा बाबा इस्त्री करत होते. नोकरीत असल्यापासून स्वतःचे कपडे ते स्वतःच इस्त्री करायचे. आज तो नारिंगी शर्ट होता. ती समोर स्टुलावर बसली. आतल्या खोलीत यंत्र चालूच होतं.

"त्याच दिवशी का नाही बोललात?" तिनं विचारलं.

"बोललो असतो, तर तू त्याच्यासमोर तिथंच उघडी पडली असतीस." त्यांनी कॉलरवरून इस्त्री फिरवली. "आणि घरी येऊन काय बोलणार? तू मान वर करत नव्हतीस."

"वाईट वाटलं?"

ती मनातून वाट बघत होती, की ते म्हणतील, छे गं, त्यात काय एवढं. ते तसं म्हणाले नाहीत.

"वाटलं," ते म्हणाले. "खूप वाटलं. त्या रविवारी जेवण गेलं नाही मला. आईला म्हटलं, पोट बिघडलंय."

तिनं मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी हातावर पडलं, ते तिनं पुसलं नाही.

"अजून वाटतं?"

बाबांनी शर्ट उलटा केला. बाही सरळ केली.

"थोडं. जाईल हळूहळू. तू आज दारात म्हणालीस ना, त्यानं बरंचसं गेलं." मग इस्त्री उभी ठेवून त्यांनी विचारलं, "त्याला काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

बाबांचा चेहरा फुलला. मग त्यांनी तो जाणूनबुजून गंभीर केला.

"मग त्याला म्हणावं, मला काका म्हणणं बंद कर."

"काय म्हणू दे मग?"

"बाबा म्हणू दे," ते म्हणाले. "आणि तूही म्हण. चारचौघांत म्हण."